शिबिर-केंद्राचा वारसा: आधी चॅपल की आधी संडास?

जुनीपेटी
सह्याद्रीतल्या एका ख्रिस्ती शिबिर-केंद्राच्या समितीत हा वाद चालू आहे. नाव मुद्दाम देत नाही. मिशनच्या काळातला जांभ्या दगडाचा बंगला, शेजारी छोटं कौलारू चॅपल (प्रार्थनामंदिर), मागे नंतर बांधलेल्या दोन डॉर्मिटऱ्या, मिळून ऐंशी खाटा. तरुण संघाची शिबिरं, महिला मंडळाच्या सभा, अधूनमधून पाळकांचं मौन-चिंतन. पैसे बेताचे.
एक गट म्हणतो, आधी बंगला आणि चॅपल पूर्वीसारखं करा, एका खोलीत जुने फोटो, वह्या, पेटी मांडून वारसा-दालन करा. दुसरा म्हणतो, दगडाला कोण विचारतं? मुलं यायला हवीत तर पाणी, संडास आणि कार्यक्रम सुधारा.
अशा केंद्राचा वारसा नक्की कशात असतो, आणि कामाचा क्रम काय लावावा? मोघम नको, माप-प्रमाणासकट लिहा.

एकांतवासी
गोंधळ 'शिबिर' या शब्दापासूनच आहे. आपण सगळ्यालाच शिबिर म्हणतो, पण या केंद्रांमागे निदान चार परंपरा आहेत.
पहिली मौन-चिंतनाची. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या साधनेला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची, चार 'आठवड्यांत' विभागलेली, बरीचशी मौनात. दुसरी कॅम्प-मीटिंगची. केंटकीतल्या केन रिजला ऑगस्ट १८०१ मध्ये हजारो माणसं गाड्या-तंबू घेऊन मुक्कामाला जमली, ते तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. तिसरी कन्व्हेन्शनची, म्हणजे काही दिवस चालणाऱ्या मोठ्या प्रवचनसभांची: इंग्लंडात केसिक, १८७५, आपल्याकडे केरळात पंपा नदीच्या वाळवंटातलं मारामोन, १८९५. चौथी ख्रिस्ती आश्रमांची: तिरुपत्तूर १९२१, जॅक विन्स्लोंचा ख्रिस्त सेवा संघ १९२२ (पुढे पुण्यात), स्टॅनली जोन्स यांचं कुमाऊंमधलं सातताल १९३०.
हे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. मौनाला एकेकट्या खोल्या आणि जाड भिंती लागतात. कॅम्पला मैदान आणि शेकोटी. कन्व्हेन्शनला मांडव आणि चांगला स्पीकर. आश्रमाला एकच मोठं स्वयंपाकघर, जिथे सगळे भाजी चिरायला बसू शकतील. तुमच्या केंद्राने आजवर यातलं काय केलं, हे जुन्या वह्यांतून शोधा. वारसा त्यावरून ठरेल.

खिचडीसंप्रदाय
आमच्याकडे चारही एकाच शनिवार-रविवारी करतात. मौनवाले खोलीत, तरुण संघ ड्रम घेऊन खिडकीखाली.

एकांतवासी
खिचडीसंप्रदाय, हसण्यावारी नेऊ नका, बुकिंगमधली नेहमीची चूक हीच. बारा जणांचं मौन आणि ऐंशी जणांचं शिबिर एका आवारात कधीच घेऊ नये. मौनासाठी वर्षातले दोन-तीन आठवडे आधीच राखून ठेवायचे, शक्यतो पावसाळ्यातले. तेव्हा केंद्र तसंही रिकामं असतं.

सांगली_एक्सप्रेस
हे सगळं गोऱ्या लोकांचं झालं. मराठी वारसा कुठे आहे? नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, तो कशासाठी? ख्रिस्ताकडे येताना आपली भाषा, आपलं भजन-कीर्तन दाराबाहेर ठेवावं लागू नये म्हणून. आणि आज शिबिरात काय चालतं? इंग्रजी गाण्यांचं अर्धकच्चं भाषांतर, गिटारवर. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची चांगली परंपरा होती. पूर्वरंग, आख्यान, मध्ये पदं. तासाभराच्या संदेशात डुलक्या घेणारी मुलं कीर्तनात बसतात, कारण दर दहा मिनिटांनी त्यांना टाळी आणि धृपद मिळतं.

मंजिरी_क
सांगली_एक्सप्रेस यांना अनुमोदन. केडगावचं मुक्ती मिशनही यात हवंच. १९०५ चं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, तिथलंच.

चष्मेबद्दूर
मंजिरी, थोडं थांबा. मुक्ती हे शिबिर-केंद्र नव्हतं. पंडिता रमाबाईंनी ते दुष्काळात वाचवलेल्या मुली आणि विधवांसाठी उभारलं. घर, शाळा, शेती, छापखाना, सगळं त्यात होतं. रमाबाईंचं मराठी बायबल १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून पूर्ण झालं तेही मुक्तीच्याच छापखान्यात. प्रत्येक केंद्राने आपल्या माहितीफलकावर '१९०५ च्या संजीवनाचा वारसा' लिहायची टूम निघाली आहे. आपल्या जागेशी धागा जुळत असेल तरच लिहावं.
मुक्तीकडून घ्यायचंच तर एक घ्या: तिथे प्रार्थना आणि हातचं काम यांची फारकत नव्हती.

मंजिरी_क
मान्य. माझं वाक्य सैल होतं.

कौलारू
जुनीपेटी, इमारतीबद्दल. वारसा म्हणा की नका म्हणू, छप्पर गळालं तर आतली पेटी, वह्या, फोटो सगळं जाईल. म्हणून छप्पर पहिलं, आणि ते जूनच्या आत.
मार्च-एप्रिलमध्ये कौलं उतरवा. उतरवताना प्रत्येक कौलाची पाठ पाहा, बनवणाऱ्याचा ठसा असतो. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा किंचित वेगळ्या असतात, एकमेकांत नीट बसत नाहीत. फट राहते आणि वाऱ्याचा पाऊस तिथूनच आत येतो. म्हणून ठशाप्रमाणे वेगळे ढीग लावा आणि छपराची एक बाजू एकाच ठशाची करा. शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास कौलं लागतात. मग वासे आणि रीपा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, सहज घुसलं तर वाळवी किंवा कूज, तो तुकडा बदला. सगळ्यात जास्त गळती भिंत आणि छप्पर मिळतात तिथे आणि पन्हळीच्या सांध्यात असते. कौलाला उगाच दोष देतात.
ज्यांना 'वारसा' हवा त्यांच्यासाठी: मंगलोरी कौल हाच मिशनचा वारसा आहे. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तिथून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली.

खिचडीसंप्रदाय
म्हणजे वारसा डोक्यावर आहे आणि समिती तो कपाटात शोधतेय.

कौलारू
:) भिंतींचं राहिलं. जांभा आणि चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा पाणी पितो आणि सोडतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे भिंत ओली होणारच. बाहेरून सिमेंट मारलं की ओल बाहेर पडत नाही, आतल्या बाजूला पांढरा क्षार फुटतो, दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा दगडाचा थर घेऊनच सुटतो. आतून ऑइलपेंट मारणं हीसुद्धा तीच चूक.
भिजवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. हे काम ऑक्टोबरनंतर. एप्रिलच्या उन्हात चुना पटकन सुकतो आणि केसासारख्या भेगा पडतात. तेव्हा क्रम आपोआप ठरला: छप्पर पावसाआधी, गिलावा पावसानंतर.

हिशेबनीस
कुदळ मारण्याआधी कागद बघा. बऱ्याच मिशनच्या जागा अजून जुन्या ट्रस्टच्या नावावर असतात, विश्वस्त यादी वीस वर्षांपूर्वीची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आणि कुणी 'पैसे नाहीत ना, बंगला हॉटेलवाल्याला दहा वर्षं भाड्याने देऊ' म्हणालं तर कलम ३६ आठवा: इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. विकण्यालाही हवीच. शिवाय केंद्र महाबळेश्वर-पाचगणी भागात असेल तर २००१ पासून तो टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. नवी डॉर्मिटरी, झाडतोड, उतारावरची खोदाई, सगळ्याला वेगळे नियम. जुन्याची डागडुजी हाच बहुतेक वेळा सोपा मार्ग.

नळाखालीबादली
दुसऱ्या गटाची बाजू कुणीतरी घ्या की. मी घेते.
ऐंशी माणसं, बादलीने आंघोळ, माणशी शंभर लिटर धरा. रोजचे आठ हजार. स्वयंपाक-भांडी त्यातच. टाकी दहा हजारांची हवी आणि मोटर एक दिवस बंद पडली तरी निभावेल एवढं जमिनीखाली साठवण. आंघोळीची झुंबड सकाळी सव्वासहा ते पावणेआठ. आठ जणांमागे एक मोरी धरली तर दहा मोऱ्या, म्हणजे एका मोरीत आठ जण गुणिले दहा मिनिटं, ऐंशी मिनिटं. बसतं कसंबसं. म्हणून निम्म्यांना संध्याकाळची पाळी द्या.
सेप्टिक टाकी हा खरा घोळ. ती कधीकाळी राखणदाराचं कुटुंब आणि वीस पाहुणे धरून बांधलेली असते. शनिवारी ऐंशी जण येतात, एकदम पाणी सुटतं, मैला तळाशी बसायच्या आत पुढे ढकलला जातो आणि शोषखड्डा गच्च होतो. मग लोक म्हणतात 'वास येतो' आणि ॲसिड-फिनाइल ओततात. त्याने टाकीतले जिवाणू मरतात, वास वाढतो. उपाय: आंघोळीचं पाणी टाकीत सोडू नका, त्याला वेगळा शोषखड्डा. टाकीतला गाळ ठरावीक काळाने उपसा, भरण्याची वाट पाहू नका. संडास धुवायला साधा साबण आणि ब्रश.

चष्मेबद्दूर
साततालला सफाई कामगाराला सुट्टी देऊन त्या दिवशी त्याचं काम आश्रमातले लोक करायचे, जातपात न बघता. तेव्हा संडास हाही वारशात येतो. दोन्ही गट एकाच मुद्द्यावर भांडताहेत.

नळाखालीबादली
हा मुद्दा समितीच्या फलकावर लावा :) पण तुमच्या केंद्रात शिबिरार्थी संडास धुतात की एका ठरावीक वस्तीतून बाई बोलावली जाते, तेही विचारा.

तांबट
अवांतर, पण चॅपल म्हटलं की घंटा आलीच. लोलकाला दोरी बांधून ओढू नका. दोरीने लोलक घंटेच्या काठाला टेकून राहतो, घंटा मोकळी थरथरत नाही, आणि काठाला तडा जाऊ शकतो. अख्खी घंटा झुलवायची, किंवा लोलक आपटून लगेच मागे येईल अशी सोय करायची. तडा गेलेली घंटा फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते. साधं वेल्डिंग करून ती सुधारत नाही.

खिचडीसंप्रदाय
शिबिरप्रमुखांची शिट्टी तडा न जाता तेवढीच बद्द वाजते.

वाळवीशत्रू
कागदपत्रांबद्दल. वारसा-दालनाच्या नावाखाली जे होतं त्याने कागद लवकर मरतात. भिंतीवर फोटो, समोर खिडकी, दोन वर्षांत फिके. त्याहून वाईट म्हणजे लॅमिनेशन. उष्णता आणि प्लास्टिक, परत काढता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा होऊन कागद खातो.
आधी यादी. एका वहीत अनुक्रमांक, वस्तू, कुठे सापडली, अवस्था. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक, पेन नाही. मग स्कॅन: फोटो सहाशे डीपीआय, वह्या तीनशे ते चारशे. प्रत तीन ठिकाणी, त्यातली एक केंद्राबाहेर. मूळ कागद लोखंडी कपाटात, पण कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. हातभर पुढे, पायांखाली विटा. पावसाळ्यात गार भिंतीजवळ कपाटाला आतून घाम येतो. कसर दिसली तर प्रत्येक पान हलक्या ब्रशने झाडा. औषध थेट कागदावर मारू नका.
बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या प्रदर्शनात मांडू नका. जुन्या वह्यांत मूळ जात, आईबापांची नावं, 'दुष्काळात आलेली' असे शेरे असतात. आज त्यांची नातवंडं गावात आहेत.
आणि फोटोत जे नाहीत त्यांना शोधा. मधोमध खुर्चीत मिशनरी, उभे पाळक, कडेला अर्धा चेहरा कापलेली बायबलबाई (घरोघर जाऊन बायबल शिकवणारी), आचारी तर नाहीच. खर्चाच्या वहीत मात्र पगाराच्या रकान्यात त्यांची नावं मिळतात. खरी माहिती तिथे आहे. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या बायकांना ते फोटो हातात देऊन विचारा, त्या नावानिशी सांगतात. आवाज रेकॉर्ड करा, आधी परवानगी घेऊन.

मंजिरी_क
वाळवीशत्रू, आवारात जुनी थडगी असतील तर? अक्षरं वाचता येत नाहीत.

वाळवीशत्रू
तारेचा ब्रश आणि ॲसिड दोन्ही वर्ज्य. साधं पाणी, मऊ ब्रश, वरून खाली. वाचायला दगड घासावा लागत नाही. सकाळी कोवळं ऊन असताना मोठा आरसा बाजूला धरा आणि उजेड दगडावर अगदी तिरपा सोडा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते, डोळ्याला सपाट दिसणाऱ्या दगडावर नाव-तारीख उमटते. तेवढ्यात फोटो काढा. आरसा चार बोटं हलवला तर वेगळ्या ओळी दिसतात, म्हणून पाच-सहा फोटो घ्या.

पायरीवरची
आता कार्यक्रमाकडे या, धागा कौलांत अडकलाय.
तीन दिवसांच्या तरुण शिबिरातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेवटच्या रात्रीची शेकोटी. दोन रात्री मुलं पाच-पाच तास झोपलेली, वाद्यं मंद, वक्ता हळवा, 'ज्यांना जीवन समर्पित करायचं आहे त्यांनी हात वर करा'. सत्तर हात वर येतात, अहवालात सत्तर निर्णय. पुढच्या महिन्यात त्यांना कुणी विचारत नाही.

देवाची_वाट
पायरीवरची, अगदी मान्य नाही. भावना आली म्हणजे खोटंच असं कसं? संजीवन सभांचा सगळा इतिहास अश्रूंचा आहे. शेकोटी काढली तर शिबिर शाळेची सहल होईल.

पायरीवरची
शेकोटी ठेवा. आवाहन हलवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीनंतर, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना करा. हात वर करायला लावण्याऐवजी कागद द्या, नाव लिहायचं की नाही ते त्याने ठरवावं. गटप्रमुखाने त्याच दिवशी एकेकाशी बोलावं, दोन आठवड्यांत त्याच्या पाळकांना कळवावं. ज्या चिठ्ठीचा पाठपुरावा करणार नाही ती मागूच नका. आणि पालकांच्या संमतीपत्रावर शिबिर धार्मिक आहे, प्रार्थना आणि शास्त्रपाठ होणार आहेत, हे स्पष्ट मराठीत छापा. 'व्यक्तिमत्त्व विकास' असं गुळमुळीत लिहून मुलं बोलावणं हा खोटेपणा आहे.

देवाची_वाट
शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. सकाळच्या आवाहनाबद्दल विचार करतो.

एकांतवासी
यात सातताल उपयोगी पडेल. तिथे सुरुवातच 'मोकळ्या मनाने' व्हायची. पहिल्या बैठकीत प्रत्येकाला तीन प्रश्न: का आलात, काय हवंय, खरी गरज काय. वक्ता त्यानंतर. आपण उलटं करतो, वक्ता चार महिने आधी विषय ठरवून येतो आणि मुलांची गरज शेवटच्या रात्री विचारतो. आठ जणांच्या गटात हे तीन प्रश्न पाऊण तासात होतात. ऐंशी जणांत होत नाहीत, तिथे फक्त धीट मुलं बोलतात.

नळाखालीबादली
आठांमागे एक गटप्रमुख, म्हणजे दहा प्रमुख. त्यांची निवड कशी करता हेही सांगा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक, आणि न कळवणं कलम २१ खाली गुन्हा. 'आधी पाळकसाहेबांच्या कानावर घालू, समितीत बघू' हे चालत नाही. साधे नियम: कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नाही. समुपदेशन व्हरांड्यात, दिसेल असं. मुलींच्या डॉर्मिटरीत दोन बायका मुक्कामाला. औषधं एकाकडे, वहीत नोंद करून. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, मुलं तिथे एकटी असतात आणि वाचतात.

सांगली_एक्सप्रेस
दाराच्या आतली बाजू! हे कुठल्याच पुस्तिकेत नसतं.

आचारीकाका
कुणी जेवणाचं लिहिलं नाही म्हणून. ऐंशी जणांना पोहे साडेपाच-सहा किलो. भात एका वेळेला तांदूळ आठ किलो, वरणाला डाळ तीन किलो. पहिल्या रात्री भात जास्त लागतो, पोरं प्रवासातून आलेली असतात. शेवटच्या दुपारी निम्मी मंडळी बस गाठायला न जेवता निघतात, दोन किलोने कमी करा. संदेश लांबला तर भात चिकट होतो आणि शिव्या आचाऱ्याला. वक्त्यांना घड्याळ द्या.

खिचडीसंप्रदाय
या धाग्यातलं सर्वांत आध्यात्मिक वाक्य: वक्त्यांना घड्याळ द्या.

जुनीपेटी
सगळ्यांचे आभार. समितीपुढे ठेवायचा क्रम असा लावला आहे: आधी विश्वस्तांचा बदल अर्ज. मग चॅपल आणि बंगल्याचं छप्पर मेअखेर. त्याच वेळी आंघोळीच्या पाण्याचा वेगळा शोषखड्डा, तो पावसात खणता येणार नाही. पावसाळ्यात यादी आणि स्कॅनिंग, शिवाय बारा जणांचं एक मौन-चिंतन. चुन्याचा गिलावा ऑक्टोबरनंतर. वारसा-दालन रद्द. त्याऐवजी जेवणघराच्या भिंतीवर पाच फोटोंच्या प्रती, त्यात आचारी आणि बायबलबाया नावानिशी. दिवाळीच्या शिबिरात एक रात्र कीर्तन, संडासाची पाळी सगळ्यांना, वक्त्यांसकट.
एकच अडचण: कौलांवर तीन वेगळे ठसे निघालेत आणि एका ठशाची जेमतेम निम्म्या बाजूपुरतीच आहेत.

कौलारू
ती चॅपलच्या पश्चिमेच्या उतारावर खालून वर लावत न्या, पावसाचा मारा तिकडून येतो. जिथे ठसा बदलेल ती ओळ आडवी ठेवा, उभी नको. वरच्या ओळीचं कौल खालच्यावर चढतंच, त्यामुळे आडव्या सांध्यात खाच थोडी चुकली तरी पाणी पुढे वाहून जातं. उभ्या सांध्यात सगळी भिस्त खाचेवर असते. आणि फुटलेली टाकू नका, मुलांना एकेक ठसा हातात धरायला द्या.

तांबट
आणि लोलकाची दोरी सोडा, आजच.